साडेतीन पौंड

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचं डाइंग.
बॉयलरवर दोन घड्याळं:
जुनं पौंडात बोलतं, नवं बारमध्ये,
पाटीवर कोरलेले किलो,
आणि तपासणीचे साहेब येतात ते मेगापास्कल घेऊन.
वाफ एकच.

इरय्या गुर्रम, फायरमन, एकतीस वर्षं.
आमच्याशी मराठी, पण मोजायचं ते तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू, की ओंडका आत.
मी अप्रेंटिस. माझ्याकडं वही.
शंभर पौंड म्हणजे सात किलो, वर तीन शतांश.
"ते शतांश कुणाला वाटतोस बे?
सात लिही."
मी तरी लिहायचो.

एकदा विचारलं, काटा शून्यावर असतो
तेव्हा आत काय असतं?
"बाहेर आहे तेच. ही हवा."
समुद्राकाठी ती पुरी, इथं माळावर
पाचेक टक्के कमी;
तरी आहेच प्रत्येकाच्या अंगावर,
सगळ्यांच्याच आहे म्हणून घड्याळ धरत नाही.

मे महिना. दुपारची पाळी.
इरय्या फीडच्या टाकीला टेकून खाली बसले,
बसले ते बसलेच.
साखर पेठेतल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, वरचा आकडा एकशेऐंशी.
दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं धरली.
"हे कशातलं?"
पाऱ्याचे मिलिमीटर.
"आपल्यात सांग."

लॉगशीटच्या पाठीवर भागाकार केला,
तीन पूर्णांक अठ्ठेचाळीस.
त्यांना शतांश नको असतात
म्हणून म्हणालो, साडेतीन पौंड.

काय हसले!
साडेतीन? एवढ्यात टॉवेलचा काठ वाळत नाही!
पाणी मारायला आलेल्या बाईला सांगितलं,
वॉचमनला सांगितलं,
गोळ्यांची पुडी घड्याळाच्या काचेमागं खोचली
आणि फावडं उचललं.

हिशेब बरोबर होता.
मी नंतर पुष्कळदा करून बघितलाय,
दर वेळी तेवढाच येतो.
नळी कसली, भिंत किती जाड, किती वर्षं चाललेली,
सेफ्टी कितीला उडते,
यातलं काहीच मी धरलं नव्हतं.
विचारलंही नव्हतं त्यांनी.

आता नवा पोरगा आलाय, अंबाजी.
वही नाही; मोबाईलवर बोट ठेवतो,
बार, किलो, पास्कल, सगळं एका ओळीत.
परवा ओरडला, सर, सात!

कशातलं, मी विचारलं.
किलोतलं, म्हणाला.

आणि कशाच्या आतलं?

तो माझ्याकडं बघत राहिला.
मागं फीडपंप चालू झाला.