अकरा सेकंदांचा रस्ता

रिळाला आवाज नाही. कधीच नव्हता.
कॅमेरा ज्यानं धरला
त्याला फक्त बघायचा हुकूम होता.
चढ, खडी, रांगेत आठ-दहा माणसं,
एक स्ट्रेचर, त्यावर ब्लँकेट,
ब्लँकेटखाली कुणीतरी.
अकरा सेकंद.

गंगावेशीतल्या माझ्या खोलीत
मी त्यांना आवाज देतो.
हाड मोडायचं तर उसाचं कांडं, टॉवेलात गुंडाळून.
गाव पेटायचं तर पाचट.
माणूस पडायचा तर तालमीतली तांबडी माती, पोत्यात भरून,
कमरेएवढ्या उंचीवरून;
जास्त वरून सोडली की खोटी वाटते.
माश्या मुनीरनं आणल्या, वडणग्याच्या गुऱ्हाळावरून टिपून,
काहिलीभोवतीच्या, गुळानं सुस्तावलेल्या.
स्ट्रेचरवर लावल्या.
बरोब्बर बसल्या.
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

बूट बाजारातले, मिल्ट्रीचे, नाल मारलेले.
खडीवर खाड खाड.
दिग्दर्शक म्हणाला, वा.

मग सैनिक टाकळीहून हौसाक्का आल्या,
नातवाच्या मोटरसायकलवर, पिशवीत एक पत्र.
पडद्याला नाक लावून बघितलं.
यातले वडील कोणते, सांगता येईना;
त्या तेव्हा पाळण्यात होत्या,
आणि चेहरे तर उन्हानं धुऊन नेलेत.
परत लाव, म्हणाल्या. परत.
मग माझ्याकडं वळून:
"असं न्हाई चालत ती.
बूट चावतोय त्यास्नी.
सगळ्यास्नी एकाच मापाचा दिलाय."
पत्रात तेवढंच उरलं होतं.
बाकी ओळींवर काळी शाई.

मुनीरच्या धाकट्याचे बूट मागून घेतले, सात नंबर.
मला नऊ लागतो. मोजे नाहीत.
अकरा सेकंद चाललो. परत. परत.
पहाटे खाली कट्ट्यावर म्हशी आल्या,
चरवीतल्या धारा माईकमध्ये शिरल्या,
थांबावं लागलं.
तोवर टाच फुटली होती
आणि चाल बसली.

दिग्दर्शकाला फरक कळला नाही.
हौसाक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.
उठताना म्हणाल्या, "हळद लाव."

नवव्या सेकंदाला तिसरा माणूस
कॅमेऱ्याकडं वळतो, तोंड उघडतो.
तिथं ठेवायला माझ्याकडं अजून काही नाही.
खोलीतल्या पंख्याची घरघर आहे तेवढी.
ती मी काढलेली नाही.