बी

नारिनच्या वाचनालयात दर गुरुवारी
तीन संगणक, दोन माउस, एक हीटर
आणि मी, तासावर पगार घेणारा मास्तर.
ब्यूब्यूसारा एशिमकानोवा आली ती
गमबूट दाराबाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर,
मागे एका पोराच्या डोक्यावर सव्वीस वह्या.
“नदी मोजते मी, वरच्या खोऱ्यातली.
बिश्केकला बोलावलंय. दहा मिनिटं.
म्हणे, स्लाइड लागतात.”

पहिली स्लाइड: तिचं नाव, वडलांचं नाव, खात्याचं नाव,
खात्याचं जुनं, सोव्हिएत काळातलं नाव,
केंद्राचा क्रमांक, दोन झेंडे, एक गरुड.
नमनाला घडाभर तेल.
दुसरीवर सव्वीस वर्षं,
वर्षाचे बारा महिने, सकाळ-संध्याकाळ,
मुंग्यांनी साखरेचा डबा शोधावा
तशी काठोकाठ.
तिसरीवर तेच आकडे, हिरव्यावर लाल,
एकेक गिरकी घेत उतरायचा
आणि उतरला की टाळ्या.
टाळ्या तिला तिसऱ्यांदा ऐकायच्या होत्या.

मी म्हटलं, काढा.

“कोणतं वर्ष काढू?”
बोट काचेवर टेकवून विचारलं तिनं, खरंच विचारलं.
“ह्या वर्षी पूल गेला.
ह्या मार्चमध्ये पट्टी बर्फात गाडली गेली,
चहाची अख्खी किटली ओतून सोडवली मी.
आणि ही खाडाखोड दिसते?
त्या सकाळी नवरा गेला.
संध्याकाळचं माप घेतलंय, बघ.”

माझ्याकडे नियम होते:
स्लाइडला सहा ओळी, ओळीला सहा शब्द,
जे लिहिलंय त्याचा पाढा वाचायचा नाही.
ती किटली कुठल्या ओळीत बसवू?

हीटर टकटकत राहिला.
भात शिजला का ते बघायला, मी म्हणालो,
पातेलं उपसतं का कुणी?
ती पहिल्यांदा हसली.
“पुलाव तोच करायचा.
एक शीत चिमटायचा, झाकण परत ठेवायचा.
कधी कच्चा निघाला नाही.”

पुढचे तीन गुरुवार ती वह्या चाळत बसली.
मी दुसऱ्यांना मार्जिन शिकवत होतो.
चौथ्या गुरुवारी दोनच स्लाइड उरल्या:
पट्टीचा फोटो,
आणि डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली एक रेघ.
तेव्हा मी तिला ती कळ दाखवली,
रशियन अक्षराच्या कोपऱ्यात बसलेला बारका बी.
दाबला की पडदा काळा.
“बंद पडला?”
नाही. वाट बघतो.

बिश्केकच्या सभागृहात मी मागे उभा,
खिशात पेनड्राइव्हची दुसरी प्रत.
फोटो. रेघ.
मग तिनं चष्मा वर केला, कळ शोधली, दाबली.
काळोख बघून माणसांनी
फोनमधून माना वर काढल्या.
ती टेबलामागून बाहेर आली,
कमरेला आडवा हात लावला:
“नोकरीला लागले तेव्हा, जुलैत, इथं.”
मग वाकली. गुडघ्याच्याही खाली,
गमबुटाची कड यायची तिथं हात:
“गेल्या जुलैत.”
आणि कंबर धरून सावकाश सरळ झाली.
त्याला जरा वेळ लागला.
तेवढ्यात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पुढं काय ठरलं, माहीत नाही.
टिपणं घेतली त्यांनी. एकानं विचारलं, वह्या कुठं असतात?
“खाली, जीपमध्ये,” ती म्हणाली,
आणि पडदा उजळायचा विसरून खाली बसली.
पुढच्या वक्त्यानं माउस बराच वेळ आपटला.

गुरुवारी परत दारात गमबूट.
भाचीचं लग्न आहे सप्टेंबरात,
एकशे चाळीस फोटो आणलेत,
प्रत्येकानं गिरकी घेत यायला हवं.
“आणि इथं,” ती खुर्ची ओढत म्हणाली,
“काढा म्हणायचं नाही.”
मी आवाजाची यादी उघडली.
टाळ्या, तिनं सांगितलं. पहिल्यापासून.