पत्ता

नंदुरबारला बाजार समितीच्या ऑफिसात
प्रिंटरचं झाकण उघडलं
आणि मला सात शिंका आल्या.
रोलरवर, दातेरी चाकांत, टोनरच्या कडेला
बारीक लाल भुकटी.
खिडकीबाहेर पथारीवर मिरची, नजर जाईल तिथवर.
वारा तिला आत आणतो.
"मशीनले बी ठसका लागस," लोटन आप्पा म्हणाले
आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

सोळा वर्षं हा प्रिंटर
आप्पांच्या कॉम्प्युटरच्या पाठीला बांधलेला.
हातभर वायर.
काट्यावरून, गेटवरून, सभापतींच्या केबिनमधून
ज्याला जे छापायचं ते आधी आप्पांकडे यायचं.
आप्पा चहाला, तर पावत्याही चहाला.
गेल्या महिन्यात ते मोतीबिंदूसाठी धुळ्याला गेले,
पासवर्डही त्यांच्यासोबत पट्टीखाली गेला,
आणि एकोणतीस टेम्पो
रात्रभर गेटबाहेर उभे राहिले.
म्हणून मला बोलावलं.

शिडीवर चढले. छताच्या फळ्यांमागे
पालीची अंडी, कुणाची तरी एकच चप्पल.
निळी केबल ओढत आणली,
टोकाच्या आठ तारा सोलून रंगांनी लावल्या,
पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी,
दाबल्या. कट्‌.
स्विचवर हिरवा दिवा लुकलुकला.

आता याला पत्ता द्यायचा.
कायमचा, रोज बदलणारा नको.
(माझे चार वर्षांत पाच झाले,
देवपूर, साक्री रोड, परत देवपूर,
गॅसच्या पुस्तकावर नुसती खाडाखोड.)
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास.
"हाच नंबर दुसऱ्याला दिला तर?"
दोघंही अडतात, मी म्हटलं.
आप्पा हसले.
"मन्हाकडे दोन दिवल्या पाडवी सेत.
हाऊ मोलगीना, तो रोषमाळना.
दोन्हीस्नी मिरची एकच दिन येस.
आजलोंग कोनी अडनं नही."

चाचणीचं पान निघालं.
आप्पांनी जुनी हातभर वायर उपसली,
तळहातावर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.
"म्हंजे आते मन्हाकडतून जावाव नही?"
नाही, आप्पा. थेट.
एवढंच बोलले. मग उगाच स्क्रू मोजत बसले.

साडेपाचला त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.
पंख्याची घरघर विझली.
रोज इथे सगळं थांबायचं.
तेवढ्यात काट्यावरच्या वसावेच्या पोराने
तिकडे कुठलंसं बटण दाबलं असणार.
प्रिंटर आपण होऊन जागा झाला.
दार न वाजवता कुणी आत यावं
तसं आप्पांनी वळून पाहिलं.
कागद उचलला, अजून गरम,
नव्या डोळ्यापासून लांब धरून वाचला.
दिवल्या पाडवी. नऊ क्विंटल चाळीस.
कोणता, ते पावतीवर नव्हतं.
आप्पा खिडकीशी गेले, गेटकडे पाहिलं,
खिशातला पेन काढून कोपऱ्यात लिहिलं:
रो.
मग खुर्ची ओढत नेली,
कपाटाजवळ, प्रिंटरच्या शेजारी,
आणि तिथेच बसले.

शिडी गाडीत टाकून मी परत आत आले.
माझं बिल त्याच प्रिंटरमधून निघालं होतं,
कडेला लाल बोट उमटलेलं.
काम: प्रिंटर थेट नेटवर्कला जोडला.
खाली एक रेघ, सहीसाठी.
सभापती निघून गेले होते.
आप्पांनी बिल दोनदा वाचलं,
'थेट' या शब्दावर जरा थांबले,
मग म्हणाले, "बस पोरी, चहा येस,"
आणि सही चहानंतर केली.