दहाव्या मिनिटाचा आकडा

मिठबावच्या सबस्टेशनात पहाटे पाच वाजता
दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर बंद केला.
घूं थांबली ती सगळ्यांनाच कळली.
तिच्या आड, मधल्या बुशिंगवर
तापल्या तव्यावर थेंब पळावा तशी एक चरचर होती,
ती थांबलेली मला एकटीला कळली.

इनास डिसोजा कुंपणापाशी उभा,
खात्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत.
"ह्यो गप आसा गो बाय," म्हणाला,
"दोन वर्सां गपच आसा."
रजिस्टरातही तेच, त्याच्या तिरक्या अक्षरात,
दर सोमवारी:
आवाज नाही. आवाज नाही.

ऑक्टोबर सरला की इथे सगळ्यावर मीठ बसतं,
जाळीवर, सायकलच्या रिमवर, चिनी मातीच्या झालरींवर.
कोरडं असतं तोवर ते कुणाचं काही करत नाही.
दव पडलं की त्याला वाचा फुटते.
इनास ती वाचा पूर्वी गेटातून ओळखायचा,
कुठला फेज, खालून कितवी झालर.
मशीन आमच्याकडे यायच्या आधी
देवगडपासून आचऱ्यापर्यंत त्यालाच न्यायचे,
जीपमध्ये पुढे बसवून.

जोडण्या सोडल्या, बुशिंगं पुसली, मेगर लावला.
पाच हजार व्होल्ट. घड्याळ.

ही चाचणी म्हणजे एक प्रश्न विचारून
दहा मिनिटं गप्प बसणं.
धडधाकट इन्सुलेशन आधी थोडं गळतं, मग सावरतं,
दाब जितका वेळ राहील तितकं घट्ट होत जातं.
थकलेलं
पहिल्या मिनिटालाच असेल ते सांगून टाकतं,
पुढे त्याच्याकडे काही नसतं.

पहिलं मिनिट: चारशे दहा मेगओम.
लिहिलं.

तिसऱ्या मिनिटाला बर्फाच्या कारखान्यातून फोन,
लाईट कधी, तांबळडेगच्या होड्या यायच्या झाल्या.
इनासने दोनदा विचारलं, कोण? कोण म्हणतंस?
पाचव्याला मी त्याला आतल्या कागदाचं सांगत होते,
तांब्याला गुंडाळलेला, तेलात बुडालेला,
छत्तीस उन्हाळे खाल्लेला.
त्याचे तंतू आतल्या आत आखूड होत जातात,
तो फाटत नाही,
नुसता फाटण्याजोगा होतो.
इनास मान हलवत होता,
जरा जास्तच.

आठव्या मिनिटाला, काट्यावरची नजर न काढता,
"माका तां आयकाक येना नाय गो.
घूं येता. बारीक येना नाय.
रातकिडे पण गप झाले.
माका वाटला, औंदा कमी आसत."
मग बराच वेळाने,
"बायलेक अजून सांगूक नाय."

मी काही बोलले नाही.
अजून दीड मिनिट होतं.

दहावं मिनिट: चारशे तीस.
भागाकार त्यानेच केला, तोंडी.
एकाच्या जेमतेम वर. दीड तरी हवा होता.

मग अर्थिंगचा दांडा.
दिलेलं सगळं आत साठून राहतं,
लगेच हात लावला तर ते परत फेकतं.
जेवढा वेळ ताण दिला
निदान तेवढाच वेळ उतरायला द्यावा लागतो.
आम्ही दिला. माडांमागे उजाडत होतं.

मग इनास शिडीवर चढला,
मधल्या बुशिंगवर अंगठ्याचं नख फिरवत गेला, झालर झालर,
आणि थांबला.
"हंयसर."
केसाएवढी काळी रेघ, तिसऱ्या झालरीच्या पोटात,
वीज मिठावरून चालत गेल्याची.
त्या रेघेवरून मी दोनदा फडकं फिरवलं होतं.

खाली येऊन त्याने रजिस्टर उघडलं.
पेन झटकलं. पुन्हा झटकलं.
आवाज आहे, लिहिलं,
आणि खालच्या ओळीत, तिरकंच:
मॅडमनी ऐकला.
सही केली, तारीख घातली.

बर्फवाल्याचा फोन पुन्हा आला.
तो मी घेतला.