डबा गरम शे

पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे.
पारोळ्यात, माहेरी, खालच्या खोलीत
कूलरच्या तोंडाशी खाट,
खाटेवर पाट, पाटावर लॅपटॉप,
आणि एकशे बारा माणसांचे पगार
एक तारखेलाच व्हायला हवेत.

ज्या कॉम्प्युटरवर ते होतात
तो जळगावला, एमआयडीसीत, बियाण्यांच्या कंपनीत
माझ्या टेबलाखाली बसतो.
माझा आपला म्हणायचा.
त्याच्यावर नाव नाही, नंबराचा स्टिकर आहे.
पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलू देत नाही.
एकदा नुसतं घड्याळ पुढे करायला गेले
तर म्हणाला, तुम्हाला अधिकार नाही.

अधिकार भारंबेंना.
भारंबे भुसावळला, घरूनच काम करतात;
त्यांच्या प्रत्येक वाक्यातून एक मालगाडी जाते.
"आधी बोगदा तयार करू," ते म्हणाले,
धडधड धडधड,
"तुम्ही बोगद्यातूनच यायचं. उघड्या रस्त्यानं नाही."
मग एक प्रमाणपत्र उतरवून घेतलं.
मग पासवर्ड, चौदा अक्षरांचा,
मागच्या दहांपैकी कोणाच्या वळणावर न गेलेला.
मग मोबाइलवर येणारे सहा आकडे.
"ते कोणालाही सांगायचे नाहीत, मॅडम. मलासुद्धा."

घरात तारेचं नेट आहे,
पण मोबाइलला रेंज गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी.
माझा पाय असा.
म्हणून भाची जागृती फोन घेऊन टाकीवर चढली
आणि वाळत घातलेल्या कुरडयांवरून
अख्ख्या गल्लीला पुरेल अशा आवाजात ओरडली:
"चार! नऊ! नऊ! शून्य! दोन! सात!"
समोरच्या दगूबाईंनी ओट्यावरून विचारलं,
"अन् पुढचा?"

लॅपटॉपमधून ऐकणारे भारंबे गप्प.
मालगाडीसुद्धा.

त्यांनी दुसरी तजवीज केली:
आकडे आता फोनच्या पोटातच तयार होणार, टॉवर नको,
आणि तीस सेकंदांत शिळे.
आईला हे काही पटलं नाही.
कळण्याची भाकरीसुद्धा दोन दिवस टिकते, म्हणाली.

या घरात रात्री दारावर थाप पडली की
आई आतून विचारायची, "कोन शे?"
बाहेरून यायचं, "मी."
तेवढ्यावर कडी निघायची.
एकदा शेवटच्या एसटीनं उतरलेला
कोणी भलताच माणूस "मी" म्हणाला
आणि वांग्याचं भरीत खाऊन, पाणी पिऊन गेला.
तो कोण होता, अजून माहीत नाही.
भारंबेंना हे सांगितलं.
"हेच तर," ते म्हणाले.

सगळं जमलं. बोगदा हिरवा झाला.
प्रमाणपत्र पटलं, पासवर्ड पटला, आकडे पटले,
माझं मी असणं तीनदा तपासून झालं,
आणि पलीकडे
कॉम्प्युटर बंद.

शनिवार, रात्रीचे पावणेनऊ.
भारंबे म्हणाले, आता कोणीतरी जाऊन बटण दाबायला हवं.
जागृती पुन्हा गच्चीवर, यावेळी वॉचमन सुपडू तात्यांचा नंबर लावायला,
आणि "खाली वायफायवर फोन करा" एवढाच निरोप ओरडायला.
तात्यांनी चावी शोधली, दिवे लावले,
खाली वाकताना गुडघा वाजला तो मला ऐकू आला.
"हिरवा दिवा लागना, ताई."

पडदा उघडला.
माझाच तक्ता. सत्तावन्नावी ओळ.
"वाल्मीक को" एवढं लिहून
मी चहाला उठले होते, आणि जिन्यावर पडले होते.
कर्सर तिथेच, लुकलुकत.
मी "ळी" लिहिलं.

तात्या अजून फोनवर होते.
"ताई, इथं पडदावर तर कुलूप शे.
तुम्ही कोठेच दिखत नही."
थोडी खुडबूड झाली. हात लावून पाहिला असावा.
"पन डबा गरम शे."