वरामावरची उशी

देवळाच्या छताला एक जहाज टांगलंय,
हातभर लांब, काळ्या बुडाचं, दोन डोलकाठ्यांचं.
माझ्या सासऱ्याच्या आज्यानं कोरलं म्हणतात,
बुडता बुडता परत आला त्या वर्षी.
नाळ वेदीकडे.
दार उघडलं की वाऱ्यानं जरा भरकटतं,
मग आपणहून पुन्हा वेदीकडे तोंड करतं.
त्याची धूळ पुसणं माझ्याकडे. शिडी लावून, दर पंधरवड्याला.

यंदा आमच्या बेटावरचे नऊ पुरुष
बर्फात दाबलेली मासळी घेऊन ॲबर्डीनला गेलेत.
युद्ध परक्यांचं, भूक परक्यांची,
समुद्र तेवढा आमचा.
पाण्याखाली सुरुंग, वर विमानं.
मागल्या महिन्यात एक सुरुंग आमच्याच खाडीत येऊन लागला,
शिंगांचा, शेवाळलेला, गाभण मेंढीसारखा गरगरीत.
पोरं दगड मारायला निघाली होती.

राकुल स्वेटर विणते, उसवते, पुन्हा विणते.
हात थांबला की कानात इंजिन वाजतं, म्हणते.
मारयुन खिडकीला काळं घोंगडं लावते
आणि त्याच्या भोकातून धक्क्याकडे बघत बसते.

आणि मी? मी रागावले होते.
तुला सांगायला कसली चोरी, प्रभू.
तुझ्या शुभवर्तमानात वादळ सुटलेलं असतं,
मचव्यात पाणी शिरत असतं,
आणि तू वरामाशी, उशीवर डोकं टेकून, गाढ.
कोळ्याची बायको आहे मी.
आमच्यातल्या कुणी अशी झोप काढली असती
तर तांडेलानं बादलीच रिकामी केली असती त्याच्यावर.
माझा हानुस आणि धाकटा, एकाच बोटीवर.
एकाच बोटीवर नको, म्हटलं होतं मी.
अठ्ठावीस रात्री डोळ्याला डोळा नाही.

पाळक येतो सहा आठवड्यांतून एकदा, समुद्रानं येऊ दिलं तर.
एरवी म्हातारा दोन्याल वाचतो, दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्यातून.
त्या रविवारी तो 'उशी'पाशी आला
आणि त्याला ठसका लागला.
खोकला, थांबला, ओळ हरवली, बोटानं शोधत राहिला.
तेवढा वेळ ती उशी देवळात नुसती पडून होती,
आणि मला पहिल्यांदा वाटलं :
ही शिवली कुणी?

कुणीतरी बाईनंच.
शिमोनाच्या सासूनं असेल, ताप उतरल्यावर.
जुन्या अंगरख्याची खोळ, आत चिंध्या, लोकर, असेल ते.
नवऱ्याच्या, जावयाच्या मानेखाली म्हणून दिली असेल
आणि दारात उभी राहिली असेल, माझ्यासारखी,
बोट ठिपका होईपर्यंत.
तिच्यावर तू डोकं टेकलंस.
म्हणजे भार टाकलास,
त्या फळ्यांवर, त्या घाबरट माणसांच्या हातांवर,
तिच्या वाकड्या टाक्यांवर.
मी समजत होते तुला आमची फिकीर नाही.

घरी येऊन हानुसच्या फाटक्या सदऱ्याची बाही कापली.
आत पफिनची पिसं भरली.
आगपेटीएवढी झाली उशी.
शिडी चढले. जहाजाच्या वरामावर ठेवली.
वादळ आवर, असं नाही म्हटलं.
म्हणजे, म्हटलंच, ते तर रोजचंच आहे.
पण त्या संध्याकाळी आधी म्हटलं : झोप तू. मी आहे जागी.
आणि स्वतःचंच हसू आलं,
शिडीवर, एका हातात फडकं,
डोळे आपोआप मिटायला लागले होते माझे.

बूटही न काढता झोपले त्या रात्री.
जाग आली तेव्हा चूल विझलेली, मेंढ्या दाराशी ओरडत होत्या.
जग तसंच होतं.
रेडिओनं दोन बोटींची नावं सांगितली,
आमची नव्हती. कुणाची तरी होतीच.
राकुलला घेऊन मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावून आले.

अजून बातमी नाही.
भीती गेली असं कसं म्हणू? ती आहे,
चुलीशी बसते, जेवते माझ्याबरोबर.
पण रात्री निजते, मलाही निजू देते.

काल धूळ पुसताना पाहिलं,
उशीच्या मधोमध खळगा पडलाय, इवलासा.
उंदीर असेल, दोन्याल म्हणाला.
असेल.
त्यालाही तिथं झोप लागली, एवढं खरं.