मोजणी

शनिवारी रात्री सर्व्हर बदलला.
जुन्याच्या दुप्पट मेमरी, आवाज न करणारी डिस्क,
डेटाबेस तीन आवृत्त्या पुढचा.
पहाटे चारला शेवटची ओळ उतरली.
एकही लॉट कमी नाही, एकही पेटी जास्त नाही.
रविवारी धनपालशेटनी मशीनला हळदकुंकू लावलं,
मला अर्धा किलो पेढे.

सोमवार. बेदाण्याच्या सौद्याचा दिवस.
खिडकीवर पहिली पावती:
एक्केचाळीस सेकंद.
पूर्वी बोट उचलायच्या आत यायची.
दुसरी: त्रेचाळीस.
बाहेर तासगाव रस्त्यापर्यंत टेम्पो.
ड्रायव्हर उतरून चहाला गेले,
चहा पिऊन आले,
पुन्हा चहाला गेले.
“मुल्ला मॅडम, नवं मशीन लाजतंय काय?”
कवलापूरच्या एका बागायतदारानं विचारलं
आणि सगळी रांग हसली.
मी हसले नाही.

मेमरी पाहिली, निम्मी रिकामी.
वायर बदलली. स्विच बदलला.
पुण्याच्या कंपनीला फोन लावला,
ते म्हणाले रीस्टार्ट करा,
जसं कुणी म्हणतं लिंबूपाणी घ्या.
केलं.
एक्केचाळीस.

मग क्वेरीलाच विचारलं,
बाई, तू जातेस तरी कुठून?
तिनं सगळा रस्ता लिहून दिला.
इंडेक्स दारातच उभा होता, कुलूप ना कडी,
तरी ही त्याच्यासमोरून मान खाली घालून
पहिल्या ओळीपासून निघायची,
छत्तीस लाख ओळी एकेक उचलून बघायची
आणि एका माणसाच्या बारा पेट्या घेऊन
दमून परत यायची.
का, ते लिहिलेलं नव्हतं.

जिनगोंडा चेंबरमधून बाहेर आला.
एप्रिलच्या उन्हात कानटोपी, स्वेटरला गारठ्याचा वास.
तीस वर्षं पेट्या लावतोय,
कॉम्प्युटरला अजून ‘ते’ म्हणतो.
“पुराच्या साली माल हलवला नव्हं,
जुन्या शेडातनं ह्या शेडात?
पेटी न पेटी आली की ओ.
पन मला घावंना.
कुनी माल मागितला
की दारापासनं हुडकत सुटायचो.
डोक्यात जुनं शेड. पायात बी तेच.”
मग?
“मग एक रात्र नुसता फिरलो.
काय उचललं न्हाई, काय ठेवलं न्हाई.
कुठल्या रांगंत किती, कुनाची थप्पी मोठी,
कुनाच्या चारच पेट्या, तेवढं मोजलं.
सकाळपासनं पाय आपापले जायला लागले.”

मी कीबोर्डकडे बघितलं.
माल आला होता. इंडेक्स आले होते.
मोजणी आली नव्हती.
त्या पहाटे चारला, पेंगत,
यादीतली ती शेवटची ओळ
मी उद्यावर टाकली होती.

शब्द एकच होता. टाइप केला.
चार मिनिटं मशीन नुसतं फिरलं,
काय उचललं नाही, काय ठेवलं नाही.
रांग माझ्या पाठीकडे बघत होती.
पाचव्या मिनिटाला कवलापूरवाल्याची पावती
त्याचं आडनाव सांगून व्हायच्या आत आली.
त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली,
खरी आहे का म्हणून.

धनपालशेट म्हणाले, काय बदललं?
काही नाही. मोजलं.
खर्च किती?
काही नाही.
हे त्यांना पटलं नाही. अजूनही नाही.
आणि महिनाअखेरचा भाड्याचा रिपोर्ट
सात मिनिटं घेतो तो घेतोच.
त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

रात्री मिरजेला, घरी.
नवा फ्लॅट. पाच महिने झाले.
हात अजून डाव्या भिंतीवर जातो,
जुन्या घरातल्या बटणाकडे.
मिठासाठी चार डबे उघडते.
सामान सगळं आलंय, चमचासुद्धा हरवला नाही.
आज दिवा न लावता
दारापासून ओट्यापर्यंत चालले.
सहा पावलं. मग वळण.
सातव्याला स्टुलावर अंगठा आपटला.
तेही धरलं मोजणीत.